यादीतला अकरावा प्रकल्प

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. लिओना वॉशको बाईंच्या पाठी कोणता लागला होता ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई भित्र्या आहेत एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायच्या. शेगडी बंद केली की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरायच्या. नवरा अँडी पावाची गाडी चालवायचा. तो पाच मिनिटं उशिरा आला की बाई खिडकीत जपमाळ घेऊन उभ्या. शेवटी तो बिचारा गेला तो घरच्या बिछान्यात, झोपेतच. ज्या रस्त्यांना बाई तीस वर्षं घाबरल्या, त्या रस्त्यांनी त्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता.

टेकडीवरच्या चर्चच्या शाळेत बाई सहावी, सातवी आणि आठवीला इतिहास आणि धर्म शिकवत. चौतीस वर्षं झाली होती. या काळात खाणी बंद पडल्या, माणसं फिलाडेल्फियाकडे निघून गेली, बिशपांनी गावातल्या पाच चर्चांचं एक करून टाकलं आणि शाळेत कशीबशी साठ मुलं उरली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. बाईंच्या हाताखाली कुणी नापास होत नसे. लोक म्हणत, किती कनवाळू! कनवाळू कसल्या, नापास करायलाच त्या घाबरायच्या. म्हणून तर जादा गुणांची यादी होती.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला की फळ्याशेजारी पिवळ्या कागदावर ही यादी लागे. साखरेच्या खड्यांचा किल्ला, पाच गुण. बुटांच्या खोक्यात रोमचं भुयारी दफनघर, सहा गुण. पणजोबा बोटीतून उतरले त्या दिवशी त्यांनी घरी लिहिलं असतं ते पत्र, चार. संताचा वेष घेऊन त्याच्याच तोंडून त्याची कहाणी, सात; पण शीर कापलेले संत बंद, कारण एका वर्षी एका उत्साही पोरानं टोमॅटोच्या रसाच्या तीन बाटल्या वर्गात ओतल्या होत्या. आणि अकरावा, सगळ्यांत अवघड, दहा गुणांचा: प्रभावळ. चर्चमध्ये फादर सोनेरी किरणांची जी उभी प्रभावळ उचलून आशीर्वाद देतात, जिच्या मधल्या काचेत मिस्सामधली, म्हणजे रविवारच्या उपासनेतली पवित्र भाकर असते, तिची प्रतिकृती. पापुद्र्यासारखी पातळ, पांढरी, गोल, वर क्रूस उमटवलेली भाकर. तिच्यावर फादरनी शब्द उच्चारले की ती भाकर राहत नाही, प्रत्यक्ष प्रभूचं शरीर होते. बाई हे दर वर्षी फळ्यावर लिहीत आणि दर वर्षी या वाक्याला त्यांचा खडू तुटे. प्रतिकृतीत अर्थातच खरी भाकर नसे. मुलं पेपरमिंटची पांढरी चपटी गोळी चिकटवत आणि गुण मिळाले की ती खाऊन टाकत.

त्या गुरुवारी शाळा सुटली तेव्हा वर्गाच्या खिडकीखाली सतरा प्रकल्प ओळीत मांडलेले होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी शाळेच्या भोजनगृहात तळलेली मासळी आणि पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या खायला अख्खं गाव येणार, तेव्हा हे प्रदर्शन. त्याआधी, आज गुरुवारीच चार वाजता, फादर डनली बघून जाणार होते. बाई पेन्सिल घेऊन गुण देत निघाल्या. किल्ला कलला होता, तरी पाच. दफनघरातल्या हुतात्म्यांना प्लॅस्टिकच्या सैनिकांच्या बंदुका तशाच होत्या, तरी सहा. शेवटून दुसऱ्या प्रकल्पापाशी बाई थबकल्या आणि चक्क हसल्या, इतका तो सुरेख होता.

डेलनी हुडॉकची प्रभावळ. सातवीतली ही मुलगी एरवी उत्तरपत्रिकेत नाव लिहून बसून राहायची. तिनं भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची पितळी चौकट घेतली होती, तांब्याच्या तारांचे किरण एकेक करून कापून वळवले होते, आणि मधोमध हातघड्याळाच्या दोन काचा अशा बसवल्या होत्या की त्यांच्यात पांढरी गोळी अलगद राहावी. बाईंनी चष्मा पुढे केला. दहा लिहायला पेन्सिल टेकवली आणि त्यांना गोळीवरचा क्रूस दिसला.

पेपरमिंटवर क्रूस नसतो.

बाई शेजारच्या बाकावर बसल्या, मग आपण प्रभूसमोर बसलोय हे ध्यानात येऊन उठल्या, मग गुडघे टेकावे का या विचारात अर्धवट वाकून तशाच राहिल्या. भाकरीची एक कड किंचित मुडपली होती, खिशात ठेवलेल्या कागदासारखी. कारखान्यातून येते ती कोरी भाकर असेल, असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. पण कोरी भाकर फादरांच्या कपाटात, कुलपात. पोरीच्या हाताला लागेल ती एकच, रविवारच्या रांगेत मिळालेली. म्हणजे जिच्यासमोर गाव गुडघे टेकतं ती चीज किल्ला आणि भुयाराच्याच ओळीत, खिडकीच्या कट्ट्यावर, नंबर सोळाची चिठ्ठी लावून उभी होती. घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. चार वाजता फादर येणार.

फादर कीरन डनली बत्तीस वर्षांचे, बोस्टनकडचे, नियमाला पक्के. गावात आल्यावर दुसऱ्याच रविवारी एक म्हातारी हातात भाकर घेऊन तशीच जागेवर निघाली, तर वेदीवरून खाली उतरून हे तिच्यामागे गेले होते. तिथेच खायला लावली. त्यांनी ही काच बघितली तर? पोरीला शाळेतून काढतील. पुढच्या महिन्यात तिचा दृढीकरणाचा, चर्चची पक्की सभासद होण्याचा विधी, तो राहील. पण खरं सांगायचं तर बाईंना पहिली भीती वाटली ती फादरांची नव्हती. ती चोपन्न वर्षं जुनी होती.

लिओना तेव्हा सात वर्षांची होती. पांढरा झगा, पांढरे बूट, पहिल्यांदा भाकर घ्यायचा दिवस. वर्ग सिस्टर युफ्रेझियाचा. सिस्टरनं महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं: भाकरीला दात लागता कामा नये, बोट तर नाहीच नाही. एका मुलानं ती चावली आणि त्याच्या तोंडातून इतकं रक्त आलं की चर्चची फरशी धुवावी लागली. आणि त्या दिवशी लिओनाच्या कोरड्या पडलेल्या तोंडात भाकर टाळूला जाऊन चिकटली. जिभेनं निघेना. श्वास अडकल्यासारखं झालं. बाकावर सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना तिनं बोट तोंडात घातलं, नखानं भाकर सोडवली आणि गिळली. मग बोटाकडे बघितलं. रक्त नव्हतं. ते रक्त आता कधी येणार, याची वाट ती त्या दिवसापासून बघत होती.

हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. पापकबुलीच्या खोलीत खोटं बोलणं सांगितलं, बहिणीचा हेवा सांगितला, पुढे अँडीवर धरलेले राग सांगितले, हे नाही. मग प्रत्येक कबुलीत एक पाप लपवल्याचं पाप वाढत गेलं. ती वीस वर्षांची असताना बिशपांचं पत्र वाचलं गेलं की यापुढे भाकर हातात घेतली तरी चालेल. सगळं चर्च हात पुढे करू लागलं. लिओना मात्र आजतागायत जीभ पुढे करते. जगाला माफी मिळाली आणि ती एकटी रांगेत राहिली, असं तिला वाटे. वर्गात मुलांना ती दर वर्षी सांगे, टाळूला चिकटली तर घाबरू नका, ते पाप नाही. मुलं विश्वास ठेवत. स्वतः बाईंनी ठेवला नाही.

डेलनी बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या बसची वाट बघत चिप्स खात बसली होती. बाईंनी दार उघडून तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"डेलनी, त्या काचेत काय आहे?"

डेलनीनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. बाईंचं तोंड पांढरं पडलेलं. तिनं चिप्सची पिशवी मागे लपवली. "गोळी. पेपरमिंटची."

"खरं सांग."

"खरंच बाई. दुकानातली आहे. खाऊन दाखवू?"

बाई इतक्या जोरात "नाही!" म्हणाल्या की किल्ल्यावरचा एक साखरेचा खडा खाली पडला. पोर भिंतीला टेकली. तिचे डोळे बघून बाईंना वाटलं, मी आत्ता कुणाच्या आवाजात बोलले? हा आवाज त्यांना चांगलाच ओळखीचा होता. सिस्टर युफ्रेझिया मरून चाळीस वर्षं झाली होती.

बाईंनी कसंबसं स्वतःला बाकावर बसवलं. हात मांडीखाली दाबले. "मी रागावले नाही गं. मी घाबरलेय. तूही घाबरली आहेस का?"

डेलनीनं मान हलवली आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "मी रविवारी आणली. जेदोसाठी, माझ्या आजोबासाठी. आमचा जेदो येत नाही ना चर्चला. त्याचं चर्च विकलं, तिथे आता गालिच्यांचं दुकान झालंय, तर तो म्हणतो दुसऱ्याच्या चर्चमध्ये पाय ठेवणार नाही. आणि फादर घरी येतो म्हणाले तर म्हणाला, बिशपच्या माणसाला दारात उभा करणार नाही. पण बाई, रविवारी तो टीव्हीवर मिस्सा बघतो. नाकात ती प्राणवायूची नळी असते ना, ती लावून. आणि टीव्हीतले लोक रांगेत जायला लागले की तो तोंड उघडतो."

"काय करतो?"

"तोंड उघडतो. एकटाच. खुर्चीत बसून. मी स्वयंपाकघरातून बघितलं. मग मिटतो." डेलनीनं नाक पुसलं. "म्हणून मी आणली. हातात घेतली, तोंडात टाकल्यासारखं केलं आणि खिशात. घरी नेली तर जेदो असा घाबरला बाई, असा घाबरला! म्हणाला, हे काय केलंस पोरी, आत्ताच्या आत्ता परत नेऊन ठेव. पण परत कुठे ठेवायची? कुणाला द्यायची? मी आधी बिस्किटाच्या डब्यात ठेवली. मग वाटलं, डब्यात बरं नाही. मग मेरीमातेच्या पुतळ्याखाली. मग वाटलं, पुतळा पडला तर? चार दिवस मी दिवा लावूनच झोपतेय."

"आणि मग हा प्रकल्प?"

"तुमच्या यादीत होतं ना. अकरा नंबर. तिला ठेवायची तीच जागा असते, असं तुम्हीच म्हणाला होतात. काचा जेदोच्या घड्याळांच्या आहेत. गोंद नाही लावला मी, बाई. तिला गोंद लावायचा नाही, असं वाटलं. मला गुण नकोत. नापास करा हवं तर."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून चाळीस मिनिटं. हिनं गुणांसाठी केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं. निदान रागावता तरी आलं असतं. आता फक्त रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. अशा वेळी काय करायचं ते त्यांना पाठ होतं, शिकवलंच होतं: सापडली, पडली, कुणी टाकली, तर श्रद्धेनं खायची. दुसरी वाट म्हणजे ती फादरांच्या हाती द्यायची. ती वाट धरायला त्यांचं काळीज होईना.

त्या कट्ट्यापाशी गेल्या. गुडघे टेकले, डेलनीनंही टेकले. काचा सोडवायला बोटं वळेनात, तेव्हा डेलनीनं नखानं काचांचा चिमटा उचकटून दिला. चोपन्न वर्षांनी बाईंच्या बोटांना ती लागली. पापुद्र्याला वजन असं नव्हतंच. बाईंनी क्रूसाची खूण केली आणि ती जिभेवर ठेवली.

आणि ती टाळूला चिकटली.

भीतीनं तोंड वाळलं होतं, दुसरं काय होणार! पण बाईंना ते कोण सांगणार? त्यांनी जीभ फिरवली, गिळायचा प्रयत्न केला, निघेना. चोपन्न वर्षांपूर्वी चर्चच्या बाकावर झालं होतं तसंच. डोळे मोठे झाले. डेलनी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, जशी एखादी वर्गमैत्रीण म्हणेल, "चिकटली का? बोट घाला ना, बाई. माझी नेहमी चिकटते."

बाईंनी बोट घातलं. भाकर सुटली. त्यांनी गिळली, आणि मग सवयीनं बोटाकडे बघितलं. डेलनीनंही बघितलं, बाई काय बघतायत म्हणून. तिथे काहीच नव्हतं, नुसतं ओलं बोट.

व्हरांड्यात पावलं वाजली तेव्हा काच रिकामी होती. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. डेलनी कुजबुजली, "आता कुणाला नका सांगू हं, बाई. प्लीज. आपल्या दोघींतच." आणि बाईंना तेच हवं होतं, अगदी मनापासून. गप्प राहायचं, झालं. पण गप्प राहून काय होतं ते या खोलीत एकट्या त्यांनाच माहीत होतं. आज ही पोर गप्प राहिली तर एकसष्टाव्या वर्षी हीसुद्धा जिना दोन्ही हातांनी धरून उतरणार. त्यांनी डेलनीचा हात धरला आणि फादरांनी ठोठावायच्या आधीच दार उघडलं.

फादर डनलींनी ओळ बघितली, बंदुकवाल्या हुतात्म्यांना हसले आणि प्रभावळीपाशी थांबले. "वा! पण मध्ये काहीच नाही? ते कुठे गेलं?"

"माझ्या पोटात," वॉशको बाई म्हणाल्या. "आणि फादर, मला पापकबुली द्यायचीय. आत्ता. माझी झाली की या मुलीची. आधी माझी, कारण माझी जुनी आहे."

डेलनीला व्हरांड्यात बसवलं. बाईंची कबुली सगळी मिळून चार वाक्यांची झाली. चोपन्न वर्षं जे छातीवर बसलं होतं ते सांगायला पुरतं एक मिनिट लागलं नाही, याची बाईंना लाजच वाटली. त्या मान खाली घालून वाट बघत राहिल्या.

"सात वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगितलं?" फादरांचा आवाज चिडलेला होता. "बाई, ते पाप नव्हतं. एक दिवसही नव्हतं." आणि तरीही त्यांनी हात उचलून क्षमेचे सगळे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले, कारण बाईंना ते ऐकायचे होते, हे त्या नियमवाल्या माणसाला कळलं.

डेलनीला त्यांनी सोडलं नाही. असं पुन्हा कधीही करायचं नाही, हे तिला तीनदा म्हणायला लावलं, ती रडली. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "जेदो आत्ता घरी असतील?"

"तो तुम्हाला हाकलेल," डेलनी म्हणाली.

"मलाही भीती वाटतेय," फादर म्हणाले आणि आजाऱ्यांच्या घरी भाकर न्यायची, गळ्यातली छोटी सोनेरी डबी भरून आणायला चर्चमध्ये गेले.

हुडॉकांच्या पायऱ्यांवर सगळ्यांत पुढे वॉशको बाई होत्या, कठडा न धरता. धरायला कठडाच नव्हता. म्हातारा खिडकीजवळच्या खुर्चीत, नाकात नळी, पायाशी घरघरणारं यंत्र. काळा झगा बघताच त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. "तुझ्या बिशपनं माझं चर्च विकलं."

"हो," फादर म्हणाले. "विकलं."

"माझ्या बापानं त्याच्या विटा वाहिल्यात. खाणीची पाळी संपवून."

"हो."

समर्थन नाही, उपदेश नाही. यंत्र घरघरत राहिलं. आता हा हाकलणार, असं बाईंना वाटलं. पोरीनं त्यांचा हात इतका आवळला की अंगठी रुतली. म्हाताऱ्यानं एकदा डेलनीकडे बघितलं. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

फादरांनी त्याची कबुली कानाशी वाकून ऐकली तेवढा वेळ दोघी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बोलावल्यावर आत आल्या, तेव्हा भाकर त्याच्या जिभेवर ठेवली जात होती. त्यानं तोंड मिटलं. आणि बाईंना दिसलं, त्याचा चेहरा बदलला. नळीच्या हवेनं तोंड कोरडं ठणठणीत. जबडा हलेना, डोळे भेदरून मोठे झाले. कोळशाचे निळे व्रण असलेला हात वर आला आणि हवेतच थांबला, कारण त्यालाही लहानपणी कुणीतरी काहीतरी सांगितलेलं होतं.

वॉशको बाई त्याच्या खुर्चीपाशी वाकल्या.

"बोट घाला, जेदो," त्या म्हणाल्या. "काही होत नाही."

डेलनी पाणी आणायला आत पळाली.